तो माळ आणि ती माळ

मातीबद्दल वाचक विचारतात

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं रान केज तालुक्यात बालाघाटाच्या उताराला आहे, सहा एकर. माझा भाचा शेतकीचा पदवीधर. तो सध्या मेक्सिकोत, टेक्सकोकोजवळच्या मका-गहू संशोधन केंद्रात शिकायला गेलाय. सुटीच्या दिवशी तो तिथल्या डोंगरावर चढला आणि काळ्याभोर मातीचा फोटो धाडला. म्हणतो, "मामा, ही ज्वालामुखीच्या राखेची माती. ओंजळीत घेतली तर पिंजलेल्या कापसागत हलकी, आणि भेग म्हणून नाही." आपली काळी मातीसुद्धा ज्वालामुखीचीच, असं आम्ही शाळेत शिकलो. मग आपली एवढी जड, चिकट आणि भेगाळ कशी? दुसरं असं, की डोंगर एकच, पाऊस एकच, तरी आमच्या सहा एकरांत वरच्या अंगाला मुरूम, मधी बरी, आणि खाली ओढ्याला चोपण, पाणी न मुरणारी चिवट जमीन. असं का?
— एक शेतकरी, ता. केज, जि. बीड

उत्तर : दादा, भाच्याने चढताना फोटो काढले तसे उतरतानाही काढले असतील, तर ते मागवून घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोंत आहे. पण आधी पहिला प्रश्न.

‘राख’ या शब्दाने सगळा घोळ केलाय. माझी आजी धारूरकडची. तिच्या घरी चुलीतली राख भांड्यांना लागायची, बियाण्याला लागायची, पावसाळ्यात निसरड्या अंगणात टाकायलाही लागायची. ती राख म्हणजे लाकूड जळून उरलेला चुना आणि पालाश. ज्वालामुखीची राख जळालेली नसतेच. जमिनीखालचा वितळलेला खडक वायूच्या दाबाने फुटून वर उसळतो, हवेत त्याचे तुषार उडतात आणि जागच्या जागी गोठतात. इतक्या झटक्यात गोठल्यावर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, बरीचशी काच बनते. दोन मिलिमीटरहून बारीक असलेल्या त्या भुग्याला राख म्हणतात, ते केवळ दिसण्यावरून. भांडी तिनेही निघतील, फक्त त्यांवर चरे उमटतील.

आपल्याकडे घडलं ते निराळं. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत आला. थंड झाला, त्यावर पुन्हा आला, असे थरावर थर. आजही तो दगड पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. सह्याद्रीच्या अंगाला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते, आपल्याकडे कमी होत येते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी खोल बोअर घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा दगड, लागला आणि त्याखाली जुना ग्रॅनाइट. हा बेसॉल्ट सावकाश थंड झालेला, त्यामुळे त्यात स्फटिक आहेत.

आता घरात खडीसाखर आणि पिठीसाखर असेल तर दोन पेल्यांत घालून बघा. साखर तीच, पण पिठी हां हां म्हणता विरघळते आणि खडा तळाशी बसून राहतो. राखेची काच म्हणजे पिठीसाखर. पावसाचं पाणी लागलं की तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिनियम भराभर सुटतात आणि त्यांची जी पहिली माती जमते ती ओबडधोबड, स्फटिकाचा आकारही न धरलेली. तिला अॅलोफेन म्हणतात. आत पोकळ असलेल्या गोळ्या त्या, एक गोळी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी. अशा गोळ्यांची माती दाबून बसत नाही, म्हणून हलकी. आमच्या शास्त्रातली खूण अशी, की एक लिटरच्या डब्यात जागची माती न विस्कटता भरली आणि वाळवून तोलली, तर ती नऊशे ग्रॅमच्या आतच भरली पाहिजे. तुमच्या मधल्या वावरातल्या मातीने तोच डबा भरला तर काटा तेराशे-चौदाशे दाखवेल. भाच्याला सांगा, ती माती थोडी ओली असताना अंगठ्याने दाबून बघ. आधी कोरडी वाटते आणि दाब पडला की एकदम बुळबुळीत होते. मी एकदाच, दुसऱ्याने आणलेल्या नमुन्यावर हे करून पाहिलंय, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवलंय.

आपल्या बेसॉल्टमधून चुना आणि मॅग्नेशियम भरपूर सुटतं. आपला पाऊस सहाशे ते नऊशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, त्यामुळे ते सगळं वाहून जात नाही. अशा मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती टिकून राहते. तिचे पापुद्रे पदर सुटलेल्या पोळीसारखे एकावर एक असतात. पाणी पदरांत शिरतं, माती फुगते. पाणी निघून गेलं की माती आक्रसते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढी भेग पडते. अॅलोफेनच्या गोळीला पदरच नाहीत, तर फुगणार काय आणि फाटणार काय? पावसाचं महत्त्व किती ते बघायचं असेल तर महाबळेश्वरला जा. दगड हाच. पण पाच हजार मिलिमीटरहून जास्त पावसाने चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि मागे तांबडा जांभा उरला.

काळ्या रंगाने मात्र फसू नका. भाच्याच्या डोंगरावरची माती काळी आहे ती जंगलाच्या पाल्यापाचोळ्यामुळे. तिथला कुजलेला भाग अॅल्युमिनियमला असा घट्ट धरून बसतो की जीवाणूंना तो सहजी खाता येत नाही, म्हणून साचत जातो. आपल्याकडे काळा रंग म्हणजे कस असं सगळे धरून चालतात. मी तीस वर्षं माती तपासली. आपल्या काळ्याभोर नमुन्यात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या वर निघाला की आम्ही दोघी-तिघी एकमेकींना बोलावून दाखवायचो. थोडासाच कुजलेला अंश चिकणमातीवर लेप दिल्यासारखा बसतो आणि माती काळी दिसते. हात मात्र रिकामाच. एका बाबतीत दोन्ही मात्या सारख्याच कंजूष आहेत. टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) दोघी दाबून ठेवतात, तिकडची अॅल्युमिनियम आणि लोखंडाच्या जोरावर, आपली चुन्याच्या.

आता उतार. तुमचा भाचा बहुधा त्लालोक डोंगरावर गेला असणार. चार हजार मीटरहून उंच आहे, आणि त्लालोक हा तिथल्या जुन्या लोकांचा पावसाचा देव. वर थंडी, ओल आणि पाइनचं जंगल, तिथे राखेची ती काळी मऊ माती. खाली उतरायला लागलं की मध्ये पिवळट, टणक, कुदळीला दाद न देणारा थर उघडा पडलेला दिसतो. तोही जुन्या राखेचाच, पण घट्ट बसून दगडासारखा झालेला. वरची माती धुपली की हा उघडा पडतो. तिथे त्याला तेपेताते म्हणतात. नाहुआत्ल भाषेत तेत्ल म्हणजे दगड आणि पेत्लात्ल म्हणजे चटई, म्हणून दगडाची चटई! आपल्या एखाद्या विहीर खोदणाऱ्यानेच नाव ठेवल्यासारखं वाटतं. त्याखाली सपाटी, मक्याची जड रानं. आणि अगदी तळाला टेक्सकोको तळ्याचा आटलेला तळ, पांढरा पडलेला, खारट. त्या खोऱ्याला नैसर्गिक तोंडच नव्हतं. चारी बाजूंच्या डोंगरांवरून जे जे विरघळलं ते पाण्याबरोबर तळाशी आलं, पाणी उडून गेलं आणि सोडियमचे क्षार मागे राहिले. लोक तो क्षार खरवडून स्वयंपाकात वापरत आलेत, आपल्या पापडखारासारखा.

म्हणजे राख वरून सगळीकडे पडली, पण माती मात्र पाण्याच्या वाटेप्रमाणे घडली. वर धुतली गेली तिथे एक, साचली तिथे दुसरी. सिलिका आणि चुना ज्या तळाशी जाऊन बसतो तिथे राखेपासूनसुद्धा फुगणारी चिकणमाती तयार होते, थेट आपल्या नात्यातली.

तुमच्या सहा एकरांत हेच चाललंय, फक्त राखेऐवजी बेसॉल्ट आहे. माळावर वीतभर बरड, त्याखाली मुरूम, कारण बारीक माती तयार होते आणि पहिल्या दोन वळवांत खाली निघून जाते. तिथे बाजरी, मटकी, हुलगा यांच्यापलीकडे हट्ट करू नका. मध्ये गुडघाभर माती, तिथे तुमचं सोयाबीन आणि तूर. खाली पुरुषभर काळी, तिच्यात हात-दोन हातांवर चुनखडीचे खडे, रब्बीच्या ज्वारीला उत्तम. आणि अगदी ओढ्याला, जिथे पाणी तुंबतं, तिथे चोपण. नागपूरच्या मृद सर्वेक्षणातल्या अभ्यासकांनी तर असं दाखवलंय की आपल्या दऱ्याखोऱ्यांतल्या काळ्या मातीत एवढं स्मेक्टाइट आजच्या कोरड्या हवेत बनणं शक्यच नाही. ते पूर्वीच्या जास्त पावसाच्या काळात वरच्या अंगाला बनलं आणि वाहून खाली आलं. तुमची खालची काळी वरून उतरलेली आहे. आपलं नशीब एवढंच, की मांजरेचं खोरं बंद नाही. पाटोद्याकडून निघालेली नदी शेवटी गोदावरीला मिळते आणि क्षार नेते. टेक्सकोकोसारखं साचत नाही, साचतं ते जिथे आपण पाणी जास्त देतो आणि चर काढत नाही तिथे.

या क्रमाला १९३० च्या दशकात जेफ्री मिल्न या इंग्रज माणसाने पूर्व आफ्रिकेत मातीचे नकाशे करताना ‘कॅटेना’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये साखळी. मी शिकवायला लागले तेव्हा मराठी शब्द शोधत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माळ म्हना की. वर तो माळ, आन खालपोतर ती माळ." तेव्हापासून मी तेच म्हणते.

आमच्या घरी ही माळ वाटणीत तुटली, म्हणजे तुटता तुटता राहिली. अकरा एकर, तीन भाऊ. मोजणीला आलेल्या माणसाने सुचवलं, वरचा, मधला, खालचा असे तीन तुकडे करा, बांध सोपे पडतील. आजोबा म्हणाले, "माळ ज्याला येईल त्याने काय मुरूम खायचा का?" त्यांनी माळापासून ओढ्यापर्यंत तीन लांबट पट्टे पाडले. प्रत्येकाला थोडा मुरूम, थोडी मध्यम, थोडी भारी. गावाने आजोबांच्या न्यायाचं कौतुक केलं, मीही बरीच वर्षं केलं. मग शिकले तेव्हा कळलं, की पट्टा पस्तीस पावलांचा झाला की औत उताराला आडवं फिरतच नाही. बैल वर-खाली चालतात आणि प्रत्येक तास म्हणजे पाण्याला काढून दिलेली नाली. चाळीस वर्षांत तिन्ही पट्ट्यांचं वरचं डोकं उघडं पडलं. न्याय भावांना मिळाला, मातीचं कोणी विचारलं नाही. आता चुलतभावांनी मिळून तिन्ही पट्ट्यांतून एकच आडवा बांध घातलाय. त्याच्यावरून भांडणंही होतात, पण बांध आहे.

तुम्ही हिश्शाचं काही लिहिलेलं नाही, तरी सांगून ठेवते, आडवं नांगरा.

माती तपासायला देताना सहा एकरांची एकच पिशवी करू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः हा घोटाळा केलाय. एका शेतकऱ्याच्या माळाची आणि ओढ्याची माती एकाच घमेल्यात कालवली, सरासरी काढली आणि सगळ्या रानाला जिप्सम लिहून दिलं. माळाला त्याची काडीची गरज नव्हती आणि ओढ्याला ते अपुरं पडलं. ते गृहस्थ पुढच्या वर्षी आले, रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाई, तुमी दूध आन ताक एकत्र मोजलं." वर, मध्ये, खाली अशा तीन पिशव्या करा.

चोपणीची घरची परीक्षाही सांगते. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, बोअरचं नको, त्यातल्या क्षारांनी निकाल बदलतो. त्यात वाळलेलं बोराएवढं ढेकूळ अलगद सोडा आणि हलवू नका. काही तासांत पाणी गढूळ दुधासारखं झालं तर सोडियम आहे. ढेकूळ नुसतं विस्कटलं आणि पाणी नितळ राहिलं तर घाबरायचं कारण नाही. चोपण निघाली तर आधी चर, मग तपासणीत येईल तेवढं जिप्सम, मग हिरवळीच्या खतासाठी धैंचा. जिप्सममधला चुना सोडियमला मातीवरून हाकलतो, पण हाकललेल्या सोडियमला बाहेर जायला वाट लागते. चर न काढता जिप्सम टाकणं म्हणजे दार लावून केर काढणं.

प्रश्न : आमच्या विहिरीला अंदाजे तीस फुटांवर तांबडा गेरूचा थर लागला, हातभर जाड. खोदणारे म्हणाले आता पाणी लागणार. लागलंही. हा गेरू दगडाच्या मधोमध आला कुठून?
— अंबाजोगाई

उत्तर : खोदणारे बरोबर होते, आणि हे त्यांना आमच्या आधीपासून ठाऊक आहे. लाव्ह्याचा एक थर आला आणि दुसरा यायला मधे बराच काळ गेला. त्या अवधीत खालच्या थराचं डोकं ऊनपावसाने कुजलं, लोखंड गंजलं, तांबडी माती झाली. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. घाटरस्त्याच्या कापात ही तांबडी रेघ लांबवर दिसते. हा थर चिकणमातीचा, त्यातून पाणी खाली झिरपत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावरच्या दगडाच्या सांधीतून पाझर लागतो. विहीर बांधताना त्या पट्टीला पक्कं बांधकाम करून घ्या, गेरू ओला-सुका होऊन ढासळतो.

वरच्या केजच्या दादांना मी आपल्याकडे राख नाही असं म्हटल्यासारखं झालंय, ते इथे थोडं दुरुस्त करते. लाव्हा शांतपणे वाहत होता, पण अधूनमधून त्याने राखही उडवली. अशा तांबड्या थरांपैकी काही थर त्या राखेची कुजून झालेली माती आहेत, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे तुमच्या विहिरीत कदाचित सहा कोटी वर्षांपूर्वीची राखेची माती आहे, दोन दगडांच्या मधे दाबून ठेवलेली.

अलीकडची राख बघायची तर पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाला नदीच्या गाळात तिचा पांढुरका थर आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून, म्हणजे समुद्रापलीकडून उडून आलेली मानतात. टोबाचा मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीच्या थराच्या वयावरून अभ्यासकांत पुष्कळ वर्षं जुंपली होती.

प्रश्न : लोणारचा ज्वालामुखी परत पेटू शकतो का? आमचं गाव मंठ्याकडं आहे.
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : नाही. लोणार ज्वालामुखी नाहीच. आकाशातून उल्का येऊन बेसॉल्टवर आदळली त्याचा तो खड्डा, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. निवांत झोपा.

प्रश्न : मावशी, आमच्या गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचं चाललंय. आम्हाला माळावर टाकायचाय, दोन एकर. सासरे म्हणतात गाळ टाकला की सोनं पिकतं. मालक म्हणतात ट्रॅक्टरचं भाडंही निघणार नाही. कोणाचं ऐकू?
— एक शेतकरी भगिनी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : सासऱ्यांचं ऐक, पण निम्मं.

तलावातला गाळ म्हणजे तुमच्याच माळावरून गेलेली बारीक माती, ती तू भाडं देऊन परत आणतेस. २०१७ पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक बैलगाडीने हे करत आलेत. मघाच्या मेक्सिकोच्या खोऱ्यात सोचिमिल्कोला तर तळ्यातला गाळ उपसून पाण्यातच वाफे बांधायची जुनी रीत आहे. त्या वाफ्यांवर अजून भाजी आणि फुलं होतात.

बरड जमिनीचं दुखणं म्हणजे पाणी टिकत नाही. गाळातली चिकणमाती ते टिकवते, पाऊस दडी मारतो तेव्हा पिकाला त्याचा फार आधार होतो. पण गाळ म्हणजे खत नव्हे, शेणखत टाकावंच लागेल. भारी जमिनीवर अजिबात टाकू नको, आधीच निचरा होत नाही तिथे आणखी दार बंद होईल. दहा तलावांचा गाळ दहा तऱ्हांचा असतो, म्हणून आणण्याआधी वर सांगितलेली पेल्याची परीक्षा कर. पाणी दुधासारखं झालं तर तो गाळ राहू दे. आणि गाळ मुरमावर नुसता पसरून ठेवलास तर वळवाचा पाऊस तो पुन्हा तलावात नेऊन टाकेल. आधी बांध नीट कर, मग पातळ थर टाक आणि कुळवाने मुरमात मिसळ. थर जाड झाला तर वर काळी आणि खाली मुरूम अशी दोन तोंडं होतात, मुळं मधे थबकतात.

भाड्याचं म्हणशील तर पहिल्या वर्षी खरंच निघणार नाही. मालकांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे दिवाळीत ऐकून घ्यावं लागणार नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या गाइडमध्ये एक इंच माती तयार व्हायला एक हजार वर्षं लागतात असं आहे. दुसऱ्या पुस्तकात पाचशे आहे. बरोबर कोणतं? विज्ञान प्रदर्शनात मला मातीचा प्रकल्प करायचा आहे.
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : बाळा, परीक्षेत गाइडमधलं लिही. इथे मी तुला असा एक आकडा देणार नाही, कारण माती कशापासून, किती पावसात आणि कोणत्या उतारावर बनते त्यावर तो बदलतो. हान्स जेनी नावाच्या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये मांडलं की माती पाच गोष्टींनी घडते: हवामान, जीव, उतार, मूळ दगड आणि काळ. आपल्या टणक बेसॉल्टला शेकडो, हजारो वर्षं लागतात. राखेला पुष्कळ कमी.

राखेची एक खरी गोष्ट ऐक. २० फेब्रुवारी १९४३ ला मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतात दिओनिसियो पुलिदो नावाचा शेतकरी मक्याच्या रानात काम करत होता. त्याच्या देखत जमीन फाटली आणि धूर निघू लागला. दुसऱ्या दिवशी तिथे टेकडी उभी होती. पारिकुतिन हे त्या ज्वालामुखीचं नाव. तो १९५२ पर्यंत पेटत राहिला आणि चारशे मीटरहून उंच झाला. आसपासची रानं राखेखाली गेली. राख पातळ पडली तिथे खालच्या जुन्या मातीत मिसळता येते, पण जिथे ती जाड असते तिथे पिकाला काहीच मिळत नाही. ताज्या राखेत नत्र जवळजवळ नसतंच. अमेरिकेत १९८० मध्ये सेंट हेलेन्स डोंगर फुटला, तेव्हा त्या उजाड राखाडी माळावर आधी उगवलेल्यांत ल्युपिन नावाची एक झुडुपवजा वनस्पती होती. तुझ्या ओळखीतली म्हणशील तर तुरीच्या, हरभऱ्याच्या कुळातली. मुळांवर गाठी, त्यांत नत्र धरणारे जीवाणू. ती तिथे मेली, कुजली, आणि मग बाकीच्यांना जागा झाली.

प्रकल्पासाठी थर्माकोलचा ज्वालामुखी करून त्यात खायचा सोडा ओतू नकोस. तो दरवर्षी असतो. त्यापेक्षा घरच्यांना घेऊन एखाद्या माळावर जा आणि माळावर, उतारावर, ओढ्याजवळ असे तीन खड्डे कर. मोठ्या माणसाला खोदू दे. गुडघाभर पुरे. खड्ड्याची भिंत खुरप्याने नीट तासायची, तिच्याला शाळेतली पट्टी टेकवून फोटो काढायचा. प्रत्येक खड्ड्यातून वरची, मधली, खालची अशी माती बाटल्यांत भरायची, आणि कशात खडे आहेत, मुळं कुठवर गेलीत, लिंबू पिळलं की कुठे फसफसतं (तिथे चुना आहे) ते वहीत लिहायचं. फोटो मला पाठव, पट्टीसकट. आणि घरी जायच्या आधी तिन्ही खड्डे बुजव, नाहीतर कोणाची तरी म्हैस पाय घालेल आणि मग तुझ्या प्रकल्पाची चौकशी माझ्याकडे येईल.